माहुलीचा कडा

गणेशपुरीच्या ऊन पाण्याच्या कुंडांत स्नान करून वज्रेश्वरीच्या दर्शनास जाणारीं मुंबई-ठाण्याकडील कुटुंबें पुष्कळ आहेत. वज्रेश्वरीच्या देवळाच्या पायऱ्या चढतांना घरांतलीं वडील माणसें मुलांना चिमाजी अप्पाच्या नवसाची गोष्ट सांगतात. १७३९ सालीं वसई हातीं आली आणि देवीला बोललेल्या नवसाप्रमाणें पुढें हें देऊळ उभें राहिलें, ही हकीकत बहुतेकांस ठाऊक असते. परंतु त्याच तानसा नदीच्या काठानें पूर्वेकडे गेलें, भिवंडी तालुक्याची हद्द ओलांडली, कीं तानसा तलावाच्या पलीकडे शहापुराजवळ माहुलीचा डोंगर उभा आहे. वसई पडण्याच्या एकूणसत्तर वर्षें आधीं त्या डोंगराच्या कड्यावर एके रात्रीं काय घडलें, याची आठवण मात्र फारशी कोणाला राहिलेली नाहीं. कारण उघड आहे. वसईस जय मिळाला, माहुलीस त्या रात्रीं मराठ्यांचा पराभव झाला. आणि पराभवाचा पोवाडा कोणी रचीत नाहीं.

ज्या विद्येच्या भरंवशावर त्या रात्रीं एवढें साहस पत्करलें गेलें, ती विद्या म्हणजे जेथें वाट नाहीं अशा तुटलेल्या कड्यावर दोर, शिडी आणि मेख यांच्या आधारानें चढून जाण्याची. हल्लींचे गिर्यारोहक चढाईचे दोन भेद करतात. एकींत माणूस हातापायांच्या पकडीवरच चढतो. दोर असतो तो केवळ पडल्यास जीव वाचावा म्हणून. दुसरींत तो खडकांत मेख ठोकतो, तिला दोराचा लहानसा पायरीफास अडकवतो, त्यांत उभा राहून हात पोंचेल तेथें दुसरी मेख ठोकतो आणि असा वीत-दोन वीत करीत वर सरकतो. ज्या खडकावर बोट टेकण्यासहि जागा नाहीं किंवा जो छतासारखा पुढें आलेला आहे, तेथें या दुसऱ्या रीतीवांचून गति नसते. ही रीत साहेबलोकांच्या देशांत निघाली असा पुष्कळांचा समज आहे. तो कितपत खरा आहे, तें पुढें दिसेल.

आधीं कड्याचा दगड पाहिला पाहिजे. सह्याद्री हा ज्वालामुखीच्या रसाचा डोंगर. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं तो रस थरावर थर असा पसरला आणि थिजला. त्यांतला कठीण थर म्हणजे काळा कातळ, त्याचा कडा होतो. मधला मऊ थर झिजून त्याची गवताळ पट्टी होते. म्हणून आपले किल्ले दुरून पायऱ्या-पायऱ्यांचे दिसतात. खालचा मऊ थर पाऊसपाण्यानें अधिक खाल्ला गेला, कीं वरचा कठीण थर पुढें ओठासारखा लोंबतो. हरिश्चंद्रगडाचा कोंकणकडा ज्यांनीं पाहिला असेल त्यांना नागाच्या फणीसारखी ती बाहेर झुकलेली कडा सांगावयास नको. ग्रॅनाइटची जात निराळी. तो भूमीच्या पोटांत खोल जागीं सावकाश थिजलेला, एकजीव दगड. त्याला उभ्या लांबच लांब भेगा पडतात आणि त्या भेगांत मेख घट्ट बसते. महाराष्ट्रांत ग्रॅनाइट पाहावयाचा तर देगलूर-बिलोलीकडे किंवा भंडाऱ्याकडे जावें लागतें. ठाण्याच्या मुलखांत सगळा राबता काळ्या कातळाशीं, आणि कातळांत मेखेजोगी भेग प्रत्येक ठिकाणीं हातास येईल असें नसतें. जेथें ती नाहीं तेथें आधीं छिद्र पाडावें लागतें. म्हणजे छिन्नी-हातोड्याचा आवाज आला. रात्रीच्या छाप्यांत आवाज म्हणजे मरण.

म्हणूनच मराठ्यांची रीत मेखेपेक्षां दोरावर अधिक विसंबली असावी. सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंजी येथें राजाराम महाराजांसाठीं शिवचरित्र लिहिणारा कृष्णाजी अनंत सभासद सिंहगडची हकीकत थोडक्यांत पण नेमकी देतो. चढण्यांत पटाईत असे दोन मावळे निवडले गेले, ते वानरासारखे कड्यावर चढून गेले, त्यांनीं वरून माळ सोडली आणि मग बाकीची माणसें चढलीं, असा त्याच्या सांगण्याचा मतलब आहे. माळ म्हणजे दोराची शिडी. सगळी मेख येथें आहे. पहिले दोघे हातापायांनीं चढले, त्यांची कामगिरी अलौकिक. पण गड घेतला तो शिडीनें वर आलेल्या शेंकडों साध्या माणसांनीं. ज्याला कड्याची संवय नाहीं, ज्याच्या कमरेला तरवार आणि पाठीला ढाल आहे, अशा शिपायाला अंधारांत वर नेणें हा खरा प्रश्न होता, आणि तो दोराच्या साधनानेंच सुटत होता.

या शिडीवर चढणें हें गच्चीच्या शिडीसारखें काम नव्हे. सरळ कड्याला टेकलेल्या दोरशिडीची पायरी दगडाला चिकटून बसते. अंगठ्यापुरतीहि जागा उरत नाहीं आणि बोटें सोलवटून निघतात. कडा पुढें झुकलेला असला तर शिडी अधांतरीं लोंबते. मग पाय पायरींत सहज शिरतो, पण पायाच्या भारानें शिडी पुढें जाते, अंग मागें पडतें आणि सारा भार दोन्ही हातांवर येतो. शिवाय शिडी स्वतःभोंवतीं फिरूं लागते. खालीं एकानें ती ताणून धरली तर हा त्रास कमी होतो. सर्वांत शेवटीं चढणाऱ्याला तें सुखहि मिळत नाहीं. मेखेचेंहि असेंच आहे. सरळ भिंतींत ठोकलेल्या मेखेवर भार आडवा पडतो. ती वाकेल, पण सहसा निसटत नाहीं. छतासारख्या खडकांत मेख खालून वर ठोकावी लागते, आणि ती ज्या वाटेनें आंत गेली त्याच वाटेनें माणसाचा भार तिला बाहेर ओढीत असतो.

आतां घोरपडीबद्दल. तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यामुळें यशवंती घोरपड महाराष्ट्रांत घरोघर पोंचली, आणि घोरपडे या आडनांवाची उत्पत्तीहि अशाच एका बहामनी काळांतल्या पराक्रमाशीं जोडतात. कमरेला दोर बांधून कड्यावर सोडलेल्या घोरपडीच्या आधारानें जडजवान मनुष्य वर जाईल, ही गोष्ट प्राणिशास्त्राच्या कसोटीस उतरत नाहीं. सभासदाच्या हकीकतींत घोरपडीचें नांवहि नाहीं. तिच्यामुळें एक अन्याय मात्र झाला: जें दोन हाडामांसाच्या मावळ्यांनीं केलें, त्याचें श्रेय एका सरड्याच्या जातीला गेलें. ते दोघे कोण, हें सभासदानेंहि लिहून ठेवलें नाहीं.

सिंहगडची तिथि माघ वद्य नवमी, म्हणजे ४ फेब्रुवारी १६७०. वद्य नवमीचा चंद्र मध्यरात्रीनंतर उगवतो. पूर्वरात्रींचा अंधार चढण्यास आणि नंतरचा उजेड लढण्यास, असा हिशेब त्यामागें असेल असें मानण्यास जागा आहे. सुमारे ३०० माणसें वर येईतों गडावर चाहूल लागली, लढाई जुंपली, तानाजी मालुसरे आणि किल्लेदार उदेभान दोघेहि पडले, आणि गड मराठ्यांचा झाला. सूर्याजीनें परतीचे दोर कापल्याची बातमी सांगून पळणाऱ्यांना थोपविलें, हा प्रसंग ग्रँट डफनें १८२६ सालच्या आपल्या इतिहासांत दिला आहे आणि त्यावरून मराठी भाषेला एक वाक्प्रचार मिळाला. येथवर सगळें सर्वश्रुत आहे.

त्याच सुमारास, त्याच साधनांनीं, माहुलीवर प्रयत्न झाला.

माहुली हा महाराजांना परका गड नव्हता. निजामशाही सांवरून धरण्याच्या धडपडींत शहाजीराजे शेवटीं याच गडाच्या आश्रयास आले होते आणि १६३६ सालीं त्यांना येथेंच मोगल व आदिलशाही फौजांपुढें शस्त्र ठेवावें लागलें. त्या वेळीं जिजाबाई व सहा वर्षांचे शिवाजीराजे त्यांच्याबरोबर गडावर होते, असें सांगतात. पुढें १६५८ सालीं महाराजांनीं माहुली घेतली, आणि १६६५ च्या पुरंदरच्या तहांत जे २३ किल्ले मोगलांना द्यावे लागले त्यांत ती परत गेली. १६७० च्या आरंभीं तह मोडला, तेव्हां गेलेले गड परत घेण्याच्या यादींत माहुली वरच्या क्रमांकावर असणें स्वाभाविक होतें. कल्याण-भिवंडीच्या बाजारपेठेवर आणि माळशेज-कसाऱ्याकडून उतरणाऱ्या वाटांवर नजर ठेवणारा हा डोंगर सुमारे २,८०० फूट उंच असून त्याचीं पळसगड, माहुली आणि भंडारगड अशीं तीन अंगें आहेत. मधल्या खिंडींवांचून बाकी चहूंकडे कडे तुटलेले. दक्षिणेकडे नवरा, नवरी, भटजी अशा नांवांचे सुळके उभे आहेत. लग्नाचें वऱ्हाड दगड होऊन राहिलें, अशी त्या खेड्यांतली समजूत.

गडावर मोगलांचा किल्लेदार होता मनोहरदास गौड, राजपूत घराण्यांतला. महाराजांनीं गडास वेढा दिला. एके रात्रीं सुमारे ५०० मराठे कमंदांनीं आणि दोरशिड्यांनीं कडा चढून तटावर आले. सिंहगडावर जी अवघड गोष्ट होती, म्हणजे माणसें वर पोंचविणें, ती येथेंहि साधली होती. हें विसरतां कामा नये. माहुलीचा कडा मराठ्यांनीं जिंकला होता. पण मनोहरदास जागा होता. त्यानें आपल्या राजपुतांनिशीं त्या तुकडीवर झडप घातली, बहुतेकांस तटावरच कापून काढलें आणि उरलेल्यांना कड्यावरून खालीं लोटून दिलें. ज्या शिडीनें माणूस वर येतो तिच्यानें त्याला घाईंत उतरतां येत नाहीं. पाठीमागें अंधार आणि शेंकडों फुटांची पोकळी, समोर तरवारी, आणि खालून अजून माणसें वर येत आहेत, अशा जागीं ते सांपडले. मेलेल्यांपैकीं बहुतेकांचीं नांवें इतिहासाला ठाऊक नाहींत.

हा पराभव कां झाला, याचें उत्तर किल्लेदाराच्या सावधपणांत आहेच; परंतु आणखीहि एक अनुमान करतां येतें. दोराची शिडी म्हणजे एका माणसाच्या रुंदीचा दरवाजा. एका शिडीवरून मिनिटाला दोन माणसें वर जातात असें धरलें, आणि तेंहि फार झालें, तरी ५०० माणसांना चार तासांहून अधिक वेळ लागेल. शिड्या चार लावल्या तर एक तास. तेवढा वेळ वर पोंचलेल्यांनीं श्वास रोखून पडून राहावयाचें, दगड गडगडूं द्यावयाचा नाहीं, शिंकहि येऊं द्यावयाची नाहीं. जितकी माणसें अधिक, तितका धोका अधिक. तीनच वर्षांनीं, फाल्गुन वद्य त्रयोदशीच्या काळोख्या रात्रीं, म्हणजे ६ मार्च १६७३ रोजीं, कोंडाजी फर्जंदानें पन्हाळ्याचा कडा चढला तो केवळ ६० माणसें घेऊन. वर गेल्यावर त्यानें कर्णे वाजविले, त्यामुळें किल्ल्यावरच्यांना वाटलें कीं मोठें सैन्य आलें. पन्हाळा तेवढ्यानें पडला. माणसें थोडीं आणि आवाज मोठा, पण आवाज वर पोंचल्यानंतर: ही युक्ति माहुलीच्या अनुभवावरून सुचली कीं काय, हें कागदांत कोठें नाहीं. तरी दोन्ही प्रसंग शेजारीं ठेवून पाहण्यासारखे आहेत.

गड बांधणाऱ्यांना हें सारें कळत होतें. म्हणून गडाच्या घेऱ्यांत ठिकठिकाणीं मेटें वसवून रामोशी, बेरड, महार, कोळी यांचे पहारे ठेवीत. पण माणसाचा स्वभाव असा कीं जेथें कडा आहे तेथें पहारा ढिला पडतो. याचा एक जुना दाखला शिकंदराच्या स्वारींतला आहे. ख्रिस्तपूर्व ३२७ मध्यें मध्य आशियांतील सोग्दियाना प्रांतांत एका उंच खडकावर शत्रु दाणापाणी भरून बसला आणि म्हणाला, पंख असलेले शिपाई आणा, मग बोला. शिकंदरानें इनाम लावलें. तीनशें माणसें पुढें आलीं. त्यांनीं तंबूच्या लोखंडी मेखा आणि मजबूत दोर घेतले आणि रात्रीं मुद्दाम सर्वांत उभी बाजू धरली, कारण पहारा तेथें नव्हता. सुमारे तीस जण पडून मेले, त्यांचीं प्रेतेंहि बर्फांत सांपडलीं नाहींत. पहांटे बाकीच्यांनीं माथ्यावरून फडकीं हालविलीं. तें पाहून शत्रूनें लढाई न करतांच शरणागति पत्करली.

दुसरा दाखला आपल्या शेजारचा, गुजराथेंतल्या चांपानेरचा. १५३५ सालीं हुमायूनचा वेढा महिनोन् महिने चालला होता. एके दिवशीं त्याला जंगलांतले कांहीं लोक दिसले. ते किल्ल्याच्या तुटलेल्या बाजूस धान्य आणि तूप घेऊन जात, आणि वरचे लोक दोरानें तें ओढून घेत. त्यावरून त्यानें तीच बाजू निवडली. अबुल फझल लिहितो कीं भिंतीसारख्या त्या खडकांत सत्तर-ऐंशी पोलादी मेखा, एकेका गजाच्या अंतरानें, उजवीकडे एक डावीकडे एक अशा ठोकण्यांत आल्या. एकोणचाळीस जण चढले. चाळिसावा बैरामखान आणि एकेचाळिसावा स्वतः बादशहा. आजचा गिर्यारोहक ज्या रीतीनें मेखा ठोकतो ती हीच रीत; फरक एवढाच कीं तो चढतां चढतां ठोकतो आणि मागचा माणूस त्या काढून पुन्हां वर देतो. मेखा ठोकण्याचा आवाज वरच्यांना ऐकूं गेला नाहीं, कीं त्या बाजूनें कोणी येईल ही कल्पनाच नव्हती म्हणून ऐकूनहि ऐकला नाहीं?

लढाईसाठीं जन्मलेली ही विद्या विसाव्या शतकांत निव्वळ हौसेची झाली. अमेरिकेंतील योसेमिटी खोऱ्यांत एल् कॅपिटन नांवाचा ग्रॅनाइटचा सुमारे ३,००० फुटांचा एकसंध कडा आहे. वॉरन हार्डिंग व त्याच्या सोबत्यांनीं तो १९५७ च्या जुलैंत चढावयास घेतला. रुंद भेगांत बसेल एवढी मोठी मेख बाजारांत मिळेना, तेव्हां एका टाकून दिलेल्या लोखंडी शेगडीचे पाय मेखा म्हणून वापरले; त्या भेगांना अजून शेगडीच्या पायांचेंच नांव आहे. दीड वर्षांत मिळून पंचेचाळीस दिवस कड्यावर काढल्यावर शेवटचा पुढें झुकलेला भाग हार्डिंगनें रात्रभर दिव्याच्या उजेडांत छिद्रें पाडून, त्यांत २८ बोल्ट बसवून ओलांडला आणि १२ नोव्हेंबर १९५८ च्या सकाळीं तो माथ्यावर आला. एका रात्रींत अठ्ठावीस छिद्रें! वर त्याची वाट पाहत होते ते मित्र आणि वार्ताहर. महाराष्ट्रांतहि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत तरुण मंडळींनीं ही रीत आत्मसात केली. कोंकणकड्यासारखा झुकलेला कडा आणि माहुलीच्या परिसरांतले सुळकेहि त्यांच्या मेखांपुढें नमले. इंग्रजांनीं सुरुंग लावून ज्या गडांच्या पायऱ्या उडविल्या, त्यांपैकीं मदनगडावर आज सामान्य प्रवाशालाहि दोराशिवाय जातां येत नाहीं. एवढें मात्र खरें कीं या मंडळींना आवाजाची भीति नाहीं, दिवसाउजेडीं चढतां येतें, आणि माथ्यावर तरवार घेऊन कोणी उभा नसतो.

माहुलीची हकीकत मात्र त्या रात्रींत संपत नाहीं. वेढा उठवून मराठे कल्याण-भिवंडीवर गेले. तेथला ठाणेदार उझबेकखान लढाईंत मारला गेला आणि तो मुलूख मोगलांच्या हातून सुटला. गड तसाच राहिला, पण त्याच्या पायथ्याचा प्रदेश गेल्यामुळें त्याला दाणा मिळण्याची वाट बंद झाली. मनोहरदासानें कुमक मिळण्याची आशा सोडली आणि किल्लेदारीचा राजीनामा दिला. ज्यानें कडा चढून आलेल्या मराठ्यांना खालीं लोटलें, त्याला पायथ्याच्या मराठ्यांपुढें इलाज उरला नाहीं. त्याच्या जागीं अलावर्दी बेग आला. १६७० च्या जूनमध्यें मोरोपंत पिंगळ्यांनीं माहुलीवर पुन्हां चाल केली. बेग पडला, गड आला, आणि त्याबरोबर पळसगड, भंडारगडहि आले. मनोहरदास तेव्हां गडावर नव्हता.